दंडावरचं हळदकुंकू

आमच्या ख्रिस्ती मंडळीत मी नेहमी पहिल्या बाकावर बसत असे. प्रभुभोजनाचा एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लावत फिरू लागला की तो आधी माझ्याकडे येई. मास्तर फार भाविक, असं लोक समजत. मी समजू दिलं.

ठाण्याच्या मिशनशाळेत मी मुलांना सृष्टिज्ञान शिकवी. भरती-ओहोटी, श्वासोच्छ्वास, रक्ताभिसरण. ब्राह्मणाचं रक्त कुठलं आणि कोळ्याचं कुठलं ते ओळखून दाखवा, असं मी वर्गात म्हणे आणि मुलं गप्प झाली की मला बरं वाटे. बाप्तिस्मा घेतल्यावर कल्याणच्या घरानं माझ्या नावानं आंघोळ केली होती. त्यानंतर शुभवर्तमान आणि शास्त्र, या दोनच गोष्टी माझ्या म्हणायच्या उरल्या. दोन्ही एकाच देवाची, असं मी शिकवी. ते मला खरंही वाटत होतं.

माझी मुलगी दोन वर्षांची असताना खाडीपलीकडे कळव्यात देवीची साथ आली. आठवड्याभरात सरकारी देवी काढणारा, म्हणजे लस टोचणारा, आमच्या गल्लीत हजर झाला. त्या काळी लस कुपीतून येत नसे. आठ दिवसांपूर्वी टोचलेल्या मुलाच्या दंडावरचा फोड फोडायचा आणि त्यातली लस पुढच्या मुलाला टोचायची, अशी रीत होती. म्हणून त्यानं बरोबर एक कोळीण आणली होती. तिच्या कडेवर तान्ही मुलगी, आणि त्या मुलीच्या दंडावरच्या फोडाभोवती हळदकुंकू.

"मास्तर, आणा मुलीला बाहेर," तो म्हणाला.

"हे हळदकुंकू कशाला?"

"देवी आल्यात ना," कोळीण म्हणाली. "पाव्हनी हाय घरात. मान द्याला नको?"

"आम्ही ख्रिस्ती आहोत. पूजलेली लस माझ्या लेकराच्या अंगात जाणार नाही."

देवी काढणारा हसला. "अहो, देवी हे नुसतं नाव. हळद वर आहे, लस आत आहे. शाळेत हेच शिकवता ना?"

बायको दाराआडून म्हणाली, "अहो, काढून घेऊ या. पुसून टाकतील ते."

कोळणीनं ते ऐकलं. पदराचं टोक जिभेनं ओलं केलं आणि फोडाभोवती गोल गोल फिरवून सगळं पुसून टाकलं. मग मुलीचा दंड माझ्यापुढे धरला. "घ्या. आता चालंल तुमचे देवाला?"

आता मला सबब उरली नव्हती. तो दंड काळासावळा होता, कोपराजवळ माशाचं एक खवलं चिकटलेलं. मी त्या खवल्याकडे पाहत राहिलो.

"आमचा देव समर्थ आहे," मी म्हणालो आणि दार लावलं.

मुलीला देवी आल्या तेव्हा पाद्रीसाहेब भेटायला आले. स्वतःच्या मुलांच्या देवी त्यांनी कधीच काढून घेतल्या होत्या. "तुमच्याकडे माणूस आला नव्हता का?" त्यांनी विचारलं. "नाही आला," मी म्हणालो. बायको उशाशी बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. मुलगी वाचली. डोळे गेले.

बायको तीन वर्षांपूर्वी वारली. शेवटपर्यंत तिनं तो विषय काढला नाही.

गेल्या महिन्यात मुलगी बाळंतपणातून सावरून बाळाला घेऊन माझ्याकडे राहायला आली. आता लस वासराच्या अंगावरची येते. त्या सकाळी देवी काढणारा येणार म्हणून तिनं बाळाचा दंड पुसून ठेवला होता. त्यावरून बोट फिरवीत ती म्हणाली, "बाबा, माझ्या वेळी माणूस आलाच नव्हता, नाही?"

हे वाक्य मीच तिला लहानपणापासून दिलेलं.

"आला होता," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाच विचारलं, "मग हळदकुंकू पुसल्यावरही नको का म्हणालात?"

"कोळणीच्या मुलीच्या अंगातलं तुझ्या अंगात जाणार, हे मला सोसलं नाही."

विश्वास आणि शास्त्र यांचा त्या दिवशी झगडा झाला, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घालत आलो होतो. झगडा झालाच नव्हता. दोन्ही एकाच बाजूला होती, दाराबाहेर. मी जानवं काढून खाडीत टाकलेला माणूस, दाराच्या आत उभा होतो.

"ती मुलगी?" तिनं विचारलं.

"बाजारात मासे विकते. तिला देवी आल्या नाहीत."

तिनं बाळाचा दंड पुन्हा एकदा पुसला. मग म्हणाली, "प्याल्याच्या वेळी पहिल्या बाकावर बसता, ते यासाठीच का? कोळीवाड्यातली मंडळी मागे बसतात म्हणून?"

तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी 'हो' म्हणालो.

बाहेर देवी काढणाऱ्यानं हाक दिली. तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. "हात तुम्ही धरा," म्हणाली, "आणि हलू देऊ नका." मी धरला. सुई लागली तेव्हा बाळ रडलं. तिनं हात पुढे करून फक्त बाळाला चाचपून घेतलं, माझ्या बोटांना तिचा हात लागला नाही.