पन्नास मिनिटं सराव, दहा मिनिटं गाणं

सहा वर्षं झाली मी कसब्यातल्या एका गिटार क्लासला जातेय. गिटार अजून यथातथाच येते, किस्से मात्र भरपूर साठलेत. घरी गिटार काढली की एकेक जण उठून जातो, किस्सा काढला की सगळे बसतात. हसण्यासारखेच आहेत बरेचसे. मला हल्ली सांगताना हसू येत नाही, तो भाग वेगळा.

क्लास म्हणजे भांड्यांच्या दुकानावरची एक खोली. सरांचा नियम एकच: आधी पन्नास मिनिटं सराव, मग दहा मिनिटं गाणं. सराव म्हणजे एकेका तारेवर चार बोटं ओळीनं टेकवायची, एक-दोन-तीन-चार, आणि पुन्हा पहिल्यापासून. सर स्वयंपाकघरातला टायमर लावून बसतात. तो वाजेपर्यंत गाणं नाही. आणि सरावात तार खडखडली, तर ती दहा मिनिटंही गेली!

*

खाली गल्लीत तांबट भांडी ठोकतात. एकदा वैतागून म्हटलं, "सर, त्या ठोक्यांनी माझी लय बिघडते."

सर खिडकीशी गेले, मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. तुम्ही त्यांच्याबरोबर वाजवा."

*

आमच्यातला ओंकार आयटीत आहे. मजेसाठी शिकतो आणि तसं उघड सांगतो. मोबाइलवर बघून त्यानं चाळीस गाणी बसवली, सगळी त्याच तीन कॉर्डवर. एका रविवारी त्यानं ओळीनं सहा वाजवून दाखवली.

सर म्हणाले, "छान. हेच गाणं अजून किती नावांनी येतं?"

ओंकारच सगळ्यात मोठ्यानं हसला.

*

मी मात्र शिस्तीची. तीन महिने घरी फक्त सराव केला. शेवटी एके दिवशी मुलीनं विचारलं, "आई, तुझ्या गिटारमध्ये गाणी नाहीत का?"

हे क्लासमध्ये सांगितलं तेव्हा सगळे हसले. कांबळे काका तेवढे हसले नाहीत.

*

कांबळे काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. माझ्यासारखेच धायरीचे, त्यामुळे पाठीवर गिटार अडकवून माझ्या स्कूटरवर मागे बसायचे. त्यांना एकच गाणं शिकायचं होतं, काकूंच्या आवडीचं. पण त्यात एका बोटानं सहाही तारा दाबायची जागा होती, आणि काकांची तार तिथे खडखडायची. म्हणून सर त्यांना पुन्हा सरावावर बसवायचे. असं वर्षभर चाललं.

एकदा सिंहगड रोडच्या सिग्नलला ते मागून म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, दिवाळीपर्यंत काढेल. पुढचं सांगता येत नाही."

काकू आजारी आहेत एवढंच मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "काका, सरांना सांगा ना. ते आजच गाणं शिकवतील."

"नोकरीत कधी कुणाची फाइल रांग मोडून वर काढली नाही. आता स्वतःची काढू? आणि तुम्हीही बोलायचं नाही. शब्द द्या."

मी शब्द दिला आणि पाळला. त्याची मला आजही लाज वाटते.

*

त्या पावसाळ्यानंतर क्लासची सहल खडकवासल्याला गेली. काकूही आल्या, डोक्याला स्कार्फ घट्ट बांधून. सरांना वाटलं, वाऱ्यामुळे बांधलाय. ओंकार वाजवत होता, आम्ही कणसं खात गात होतो.

काकू म्हणाल्या, "अहो, तुम्हीही वाजवा की."

ओंकारनं लगेच गिटार पुढे केली. "काका, या. तासाभरात बसवून देतो तुमचं गाणं."

काका म्हणाले, "नको. अजून माझा नंबर आलेला नाही."

सर खूश झाले. "बघा, याला म्हणतात शिस्त!" काकूही हसल्या. मी उगाच पाण्याकडे बघत बसले.

*

काकू दिवाळीच्या आठ दिवस आधी गेल्या. तीन आठवड्यांनी काका पुन्हा माझ्या स्कूटरवर बसून क्लासला आले. तोवर सरांना सगळं कळलं होतं. त्यांनी टायमर ड्रॉवरमध्ये ठेवून दिला होता. स्वतःची खुर्ची काकांसमोर ओढून ते म्हणाले, "कांबळेसाहेब, आज सराव नको. तुमचं गाणं घेऊ."

काकांनी गिटार मांडीवर घेतली. मग म्हणाले, "दुपारी तिच्याजवळ बसलो की म्हणायची, तुमचं ते वाजवा. मला दुसरं काही येत नव्हतं, मी हेच वाजवायचो. शेवटी बोलणं बंद झालं. तरी चादरीवर बोटं चालायची तिची. एक-दोन-तीन-चार."

सरांनी चष्मा काढला.

"टायमर लावा, सर," काका म्हणाले.

सरांनी ड्रॉवर उघडून टायमर लावला. काका पन्नास मिनिटं तेच वाजवत राहिले. एकदाही तार खडखडली नाही.

टायमर वाजला. सर म्हणाले, "आता गाणं."

काकांनी गिटार पिशवीत घातली आणि चेन लावली.