तिहाई झाली, गाणं नाही

कन्येच्या शाळेत मी वाजवलेली एक टाळी आमच्या घरात अजून गाजते आहे. कन्या तेव्हा इथे सिंगापुरात सेकंडरी थ्रीला, म्हणजे आपल्या नववीला होती आणि शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवायची. त्या दिवशी बँडनं एक जुनं अमेरिकन फंक गाणं घेतलं होतं. फंक म्हणजे ज्यात सूर बेताचे आणि ठेका भारी, ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते, ते. माझी हलत होती. लहानपणी पुण्यात मी तबल्याच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. पास झालो, असा आरोप मात्र माझ्यावर कुणी केलेला नाही.

तर गिटार, ट्रम्पेट सगळ्यांनी एकच तुकडा तीनदा वाजवला आणि सगळे एकदम थांबले. आता तुम्हीच सांगा, तुकडा तीनदा आला, समेवर पडला, की आपण काय समजायचं? तिहाई! संपलं! मी उभा राहून खणखणीत टाळी दिली आणि वर "क्या बात है!" असं ओरडलो.

गाणं संपलं नव्हतं. कन्येला एकटीला वाजवता यावं म्हणून बाकीचे थांबले होते. तिचा ठोका चुकला. सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघायला लागलं. सिंगापूरनं माझी एवढी दखल ना आधी घेतली होती, ना नंतर घेतली.

बिशानला घरी परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, कन्या अस्सल सिंगापुरी ढंगात म्हणाली, "बाबा, फायनलला यू डोन्ट कम, लाह."

"अगं, पण..."

"आई कॅन कम."

शाळांच्या बँडस्पर्धेची ही फायनल पुढच्या महिन्यात मरीन परेड भागातल्या एका हॉलमध्ये होती. बंदी उठवायची तर अभ्यास करणं भाग होतं. मी लायब्ररीतून त्या गाण्याची सीडी आणली, इंटरनेट धुंडाळलं आणि अल्पावधीत तज्ज्ञ झालो. दुपारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, सहकाऱ्यांच्या नूडल्स गार होईपर्यंत मी त्यांना गाण्याचा इतिहास ऐकवायचो. आता तुम्ही तावडीत सापडलात.

स्टुडिओत म्हणे ते गाणं काही केल्या बसत नव्हतं. शेवटी वैतागून गायकानं सगळ्यांना थांबवलं आणि ड्रमवाल्याला म्हणाला, तू एकटाच वाजव. त्या बापड्यानं करामत वगैरे काही केली नाही, तोच ठेका जरा मोकळा सोडला. तेवढ्यात खोलीतला कुणीतरी न राहवून ओरडला आणि ते ओरडणं टेपवर तसंच राहिलं. रेकॉर्ड निघाली, थोडी वाजली, लोक विसरले. बऱ्याच वर्षांनी पार्ट्यांत रेकॉर्डी लावणाऱ्या पोरांना तेवढा ड्रमचा तुकडा सापडला. तोच पुन्हा पुन्हा फिरवायचा, त्यावर कुणी बोलायचं, कुणी नाचायचं. तिथून तो कुठल्या कुठल्या गाण्यांत शिरला, जाहिरातींत शिरला. आमच्या घराखालच्या चपलांच्या दुकानातही मला तो ऐकू आला. सोबत त्या माणसाचं ओरडणंही.

मी विजयी मुद्रेनं घरी येऊन सांगितलं, "बघ, मूळ रेकॉर्डमध्येसुद्धा मध्येच एक माणूस ओरडलाय!"

"बाबा, ही वॉज इन द बँड."

पोळ्या लाटता लाटता बायको म्हणाली, "येऊ दे गं त्यांना. मी त्यांचे हात धरून बसेन. तोंडाचं त्यांचं त्यांनी बघावं."

कन्येनं लाटण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ओके, बट होल्ड टाइट, हां."

मरीन परेडच्या हॉलमध्ये आम्ही नवपरिणीत जोडप्यासारखे हातात हात घालून बसलो. तीनदा तुकडा आला, सगळे थांबले, कन्या एकटी उरली. मी दात आवळले. ती वाजवत होती, शांत, मोकळी, घरात वावरल्यासारखी. आणि अचानक माझे हात सुटले. शेजारून जोरदार टाळी आली आणि पाठोपाठ "वाऽऽ!"

कन्येचा ठोका या वेळी चुकला नाही. ती नुसती हसली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आई, यू ऑल्सो, आह?" मीही मग संधी सोडली नाही. "काय हो बाई, हात कुणाचे धरायला हवे होते?"

बायको पर्समध्ये एमआरटीचं कार्ड शोधत होती. "त्या रेकॉर्डवरच्या माणसालासुद्धा राहवलं नव्हतं," ती म्हणाली, "आणि वाजवणारी काही त्याची मुलगी नव्हती. शिवाय मी समेवर दिली. तुमच्यासारखी आडरानात नाही."