एका शब्दाचे मास्तर

सबंध सोलापुरात इंग्रजी भाषेवर इतकी माया असलेला आणि त्या भाषेतलं इतकं थोडं शिकवणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. आमच्या शाळेतले हे इंग्रजीचे मास्तर जूनमध्ये वर्गात शिरत, उजवा हात वर उचलून सगळ्यांना दाखवत आणि फळ्यावर 'हँड' एवढा एकच शब्द लिहीत. दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत तो पुसायची कुणाची प्राज्ञा नव्हती. गणिताच्या मास्तरांनी शेवटी त्या शब्दाभोवती चौकट आखून टाकली आणि आपली गणितं ते तिला वळसा घालून सोडवू लागले. मी त्याच शाळेत ड्रॉइंग शिकवायचो आणि शुक्रवार पेठेत त्यांच्या शेजारच्याच खोलीत माझं बिऱ्हाड होतं. माझ्या विषयात 'फ्रीहँड' येतं एवढ्यावरून त्यांनी मला जवळच्या नात्यातला धरलं होतं.

त्यांचं म्हणणं असं, की इंग्रज विचार डोक्यानं करत असेल, पण बोलतो सगळं हातानं. घड्याळाचे काटे म्हणजे त्याचे हात, माणसाचं अक्षर म्हणजे त्याचा हात, कामात मुरलेला माणूस म्हणजे जुना हात, आणि घोड्याची उंची मोजायची तीसुद्धा हातांत. 'हँड टु माउथ' आलं, की ते 'हातावर पोट' असा अर्थ सांगत आणि गरिबी तिकडेही हातापासूनच सुरू होते, असं म्हणून जरा वेळ खिडकीबाहेर बघत. वर्गात विणकरांची तेलुगू बोलणारी मुलं होती, अक्कलकोटकडची कानडी होती, दखनी बोलणारी होती. त्या सगळ्यांकडून 'चेय्यि', 'कै', 'हात' असं म्हणवून घेतल्याशिवाय तास संपत नसे. गिरणीतल्या कामगारालाही इंग्रजीत 'हँड'च म्हणतात, हे मात्र ते आवाज उतरवून सांगत, कारण निम्म्या वर्गाचे बाप भोंगा झाला की गिरणीकडे धावणारे होते. "साहेबाला तुझ्या बापाचं तेवढंच लागतं," ते म्हणत. "पोट त्याचं त्यानं घरून आणायचं." एकदा तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरांनी सबंध तास हे ऐकून घेतलं आणि शरीराचे बाकीचे अवयव कधी घेणार, असं विचारलं. मास्तर अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "साहेब, आधी हातातलं काम तर संपू द्या." इन्स्पेक्टर काय समजायचं ते समजले आणि चहाला गेले.

आम्ही त्यांना मागून हसायचो. पण शाळेतल्या जुन्या मंडळींकडून मला कळलं, की पूर्वी हे मास्तर चारचौघांसारखंच शिकवत. बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी मंजुळा चुलीवरचं आधण उतरवायला गेली आणि डावा हात भाजून बसली. तेव्हा ती सहा-सात वर्षांची असेल. मास्तर शाळेत होते. हात बरा झाला, पण दोन बोटं तळव्याला चिकटली ती कायमची. त्यानंतर मास्तरांचं इंग्रजी त्या एका शब्दापाशी येऊन थांबलं.

मी शेजारी राहायला गेलो तेव्हा मंजुळा लग्नाची झाली होती. हातावर सदा पदर, मान खाली, आणि कुणी काही म्हटलं की 'व्हय'. नळावर तिचा नंबर कुणीही घ्यावा, ती बाजूला होई. मास्तरांची बहीण त्यांच्याकडेच राहायची, ती कौतुकानं म्हणे, पोर म्हणजे गरीब गाय हाय. मास्तरांना नेमकं तेच खुपायचं. हिचं लग्न होईल की नाही ही एक काळजी होती, आणि झालंच तर ही सासरी तोंडातून शब्द न काढता झिजून जाईल, ही तिच्याहून मोठी. त्यात स्थळ आलं, की पाहुण्यांच्या हातात चहाची बशी पडायच्या आत ते स्वतःच मुलीच्या हाताचं सांगून टाकत. पाहुणे चहा पीत, मुलगी गुणी आहे म्हणत आणि पुन्हा फिरकत नसत. अशी पाच-सहा स्थळं गेल्यावर बहिणीनं अन्न सोडायची धमकी दिली. केम गावच्या एका शेतकऱ्याचं स्थळ आलं तेव्हा, या वेळी आपण गप्प बसू, असं मास्तरांनी तिला कबूल केलं.

त्या दिवशी मलाही बसवून घेतलं होतं. मुलगा, त्याचा मामा आणि त्याची आई अशी तिघं रेल्वेनं आली होती. आई धिप्पाड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज सबंध आळीला पुरेल असा. मंजुळा पदराखाली हात झाकून बसली. नाव विचारून झालं, गाव-गोत झालं, मामानं पसंती सांगितली. बहीण साखरेची वाटी आणायला उठली. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता. ते एकदम उभे राहिले आणि म्हणाले, "मंजू, हात दाखव."

बहिणीच्या हातातली वाटी तशीच राहिली. मंजुळानं पदर बाजूला केला. मुलाची आई पुढं सरकली, तो हात आपल्या मांडीवर घेतला आणि चिकटलेली बोटं दाबून पाहिली.

"दुखतं का गं?"

"न्हाय."

"भाकरी थापती?"

"थापती."

"मग थाप की. पहाटंचं उपाशी निघालोय आमी."

मंजुळा चुलीपाशी गेली. ज्वारीचं पीठ मळलं, उजव्या हातानं भाकरी थापली आणि डाव्या तळव्याच्या कडेनं ती परातीत फिरवत राहिली. बाई शेजारी उकिडवी बसून बघत होती. भाकरी फुगली तशी तिनं ती तव्यावरूनच उचलली, मोडली, कांद्याबरोबर खाल्ली आणि दुसरी मागितली. दुसरी संपल्यावर मास्तरांकडे वळून म्हणाली, "वैशाखात बार उडवू." मास्तरांनी मान हलवली आणि उपरण्यात तोंड लपवून रडले. मीही रडलो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

लग्न झालं आणि मास्तरांचं घर सुनं पडलं. मुलगी सुखात आहे, असे निरोप केमहून यायचे, पण निरोपावर त्यांचा भरवसा नव्हता. मुकाट सोसणारी मुलगी सुखातच आहे म्हणणार, असं ते म्हणत. दिवाळीच्या सुट्टीत न कळवता एकटेच केमला जाऊन आले आणि घरी न जाता तडक माझ्या खोलीत शिरले. मी पाणी दिलं आणि मंजुळा कशी आहे, विचारलं.

"सासूशी भांडत होती," मास्तर म्हणाले.

"जाच आहे का?" मी विचारलं.

"कालवनात मीठ लई झालं म्हणून सासू वरडली. तर ही म्हणती, तुमीच टाकलं की, मला का बोलता? अवो ड्रॉइंगमास्तर, काय आवाज तिचा! पार भाईर ओट्यावर ऐकू येत होता." वर्गात शुद्ध बोलणारा हा माणूस त्या दिवशी आपल्या गावच्या बोलीत बोलत होता आणि डोळे पुसायचंही त्याला भान नव्हतं. "दोघीबी मागं हटंनात. मी आत गेलोच न्हाय. तितंच ओट्यावर बसून ऐकलं, भांडण संपस्तवर."