गार हाय

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. पिंपळवंडीत कुणी माझ्या मोटरवाल्या मित्राचा विषय काढला की मला नेमकं तेव्हाच दुकानात काहीतरी काम निघायचं.

तुमच्यापैकी ज्यांच्या विहिरीवर मोटर होती, त्यांनी त्याला पाहिलं असेल. माझ्या बियाण्याच्या दुकानाला लागूनच त्याचं दुकान. जळालेली मोटर नव्या तारेनं भरायची, चालू करून बराच वेळ फिरू द्यायची आणि मग गाईच्या पाठीवर ठेवावा तसा तिच्यावर तळहात ठेवून डोळे मिटायचे. "गार हाय," तो म्हणाला की गिऱ्हाईक निर्धास्त.

पुढं पुढं त्याला चांगलं ते सगळंच गार झालं. मुलीचं लग्न ठरलं, गार हाय. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून धापा टाकतोय, तरी गार हाय. एकदा वाफाळतं पिठलं खाताना असंच म्हणाला, तर त्याच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, ताट उचललं आणि तापवायला परत चुलीकडं निघाल्या.

नव्वदचं दशक सरताना त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. साधंच. घरी आला आणि ताप भरला. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा अंग घामानं ओलं होतं. वहिनी म्हणत होत्या, दवाखान्यात नेऊ. मी त्याच्यासारखाच कपाळावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणालो, "गार हाय." घरातले हसले. ताप उतरलाय, झोपू द्या त्याला, असं सांगून मी वहिनींना थांबवलं.

दुपारी त्या पाणी घेऊन गेल्या, तर तो त्यांना म्हणाला, "बसा पावणं. कुठल्या गावचं?"

मी मोठ्यानं हसलो. असल्या चेष्टा तो करायचाच.

वहिनी हसल्या नाहीत. "भाऊजी, ह्ये मला वळखत न्हाईत," एवढंच बोलल्या आणि अनवाणी बाहेर गेल्या. जीप त्यांनीच आणली. मी नुसता शेजारी बसलो.

नारायणगावच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि तसंच पुण्याला पाठवलं. सेप्सिस हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला. जंतुसंसर्गानं सगळं शरीर धोक्यात आलं होतं. तापानंतर अंग असं गार पडणं हीच धोक्याची खूण होती, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मोटरीला जे चांगलं, ते माणसाला नव्हतं.

बरेच दिवस तो काचेपलीकडं नळ्यांमध्ये होता. मग एका सकाळी त्यानं डोळे उघडले आणि वहिनींना म्हणाला, "अगं, चहा हाय का?" वहिनी भिंतीला टेकून रडल्या. मी जिन्यात जाऊन बसलो. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

तो आधी काठी घेऊन, मग काठीवाचून दुकानात यायला लागला. फक्त बोटांची जाणीव परतली नाही. गरम काय, गार काय, हाताला कळेना. मग तो मला हाक मारायचा, "भाऊ, हात लाव." आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "कपाळाला हात लावला आन वळखलं ह्यानं. म्हणून हाय मी."

त्या दिवसातलं त्याला एवढंच आठवत होतं, माझा हात. वहिनी चहा ठेवून परत जायच्या. त्यांनी त्याचं बोलणं कधी खोडलं नाही. मीही नाही. गावानं ते खरं धरलं. आज लिहून ठेवतो, त्याला वाचवलं ते वहिनींनी.

नंतर तो खूप वर्षं जगला, नातवंडं खेळवली आणि म्हातारपणानं गेला. शटर आता बंद असतं.

तो असताना त्याला खरं सांगायचं मी पुष्कळदा ठरवलं होतं. मोटरीवर हात ठेवून म्हणायचो, "अरे, त्या दिवशी मी..."

तो माझ्या तोंडाकडं बघत असायचा. "ते ऱ्हाऊ दे. आधी सांग, गार हाय का?"

"गार हाय," मी म्हणायचो.