नळावरचा रॅपर

गेल्या आठवड्यात भरदुपारी आमच्या गल्लीतल्या नळापाशी एक रॅपर नव्या गाण्याचं शूटिंग करत होता. ‘याच नळाच्या रांगेत मी वाढलो,’ असं हातवारे करत ओरडून झाल्यावर त्याने तोंडावर पाणी मारायला नळ फिरवला. थेंबही आला नाही.

“पाणी कोणी बंद केलं?” तो खेकसला.

“अरे, पहाटे पाचला येतं, सहाला जातं,” शेजारच्या मंदाताई म्हणाल्या.

या अंडरग्राउंड रॅपवाल्यांना दुसऱ्याची तहान हवी असते, पण चांगल्या उजेडात, झोपमोड न होता. शेवटी विकतच्या पाण्याच्या चार बाटल्या डोक्यावर ओतून त्याने आपली गरिबी शूट केली. काल गाणं आलं. खाली कमेंटमध्ये लोकांनी ‘एकदम अस्सल’ म्हणून लिहिलंय.

त्याने फेकलेल्या बाटल्या घेऊन मंदाताई आज पहाटे रांगेत उभ्या होत्या.