भ्यालेली दुभाषी

विमलक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी नळाचा पाइप टाकीत सोडून उभी होते. आमच्या हुबळीत पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं एक माणूस दुसरं काही करू शकत नाही. फोनवर तिची भाची अस्मिता होती. "शैलामावशी, मावशी सकाळी उठलीच नाही गे..." एवढंच ती म्हणाली. टाकी भरून वाहू लागली, पाणी अंगणातून रस्त्यावर गेलं, शेजारीण ओरडली, तरी मी हलले नाही. रडू नंतर आलं. आधी आली ती भीती. इतकी वर्षं आम्ही दोघी मिळून घाबरत आलो होतो. आता एकटीनं कसं घाबरायचं, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं.

विमलक्का म्हणजे विमल कांबळे. धारवाडच्या एका सरकारी कचेरीत आम्ही दोघी अनुवादक होतो, मराठी कागदांचं कन्नड करायचं आणि कन्नडचं मराठी. हुबळीहून सकाळची बस, संध्याकाळची परत, शेजारी शेजारी बसून. तिचे वडील रेल्वेत मजूर होते. वसतिगृहात राहून शिकलेली, घरातली पहिली नोकरदार. तिच्याइतकं भित्रं माणूस मी पाहिलं नाही. कुत्र्याला भ्यायची, विजेला भ्यायची. साहेबांची घंटा दुसऱ्याच कुणासाठी वाजली तरी ही खुर्चीतून अर्धी उठायची. केलेला कागद तीन वेळा ताडून बघायची. मी एकदा चिडून म्हटलं, "पुरे की गे आता, कोण एवढं बघतंय?" तर हळूच म्हणाली, "तुझी चूक झाली तर शैलाची चूक झाली म्हणतील. माझी झाली तर, बघा, ह्या लोकांना नोकऱ्या दिल्या की असंच होतं, म्हणतील." त्यानंतर मी तिला कधी घाई केली नाही. सगळी कचेरी तिच्या हुशारीचं कौतुक करायची, पण तिचे कागद बिनचूक असायचे ते भीतीमुळे, हे मला ठाऊक होतं.

आम्ही दोघी निवृत्त झालो आणि त्याच सुमारास ते धरणाचं निघालं. अळणावरच्या पलीकडे, घाटातल्या रानात मोठं धरण, त्यावर वीज. वर गावं बुडणार होती, बहुतेक मराठी बोलणाऱ्या शेतकरी-मजुरांची. खाली आमच्या शहरांना वीज मिळणार, पाणीही मिळणार, असं सांगितलं जात होतं. झालं, भांडण पेटलं. इकडचे म्हणायचे, वरची माणसं पलीकडच्या राज्याच्या नादी लागून आडवी येताहेत. तिकडचे म्हणायचे, तुमच्या दिव्यांसाठी आम्ही का बुडायचं? दुर्गदबैलच्या बाजारात दुकानं बंद ठेवून मोर्चा निघाला. जिथं विमलक्का वर्षानुवर्षं साड्या घ्यायची, त्या दुकानदारानं कापड फाडता फाडता विचारलं, "अक्कार, तुम्ही त्या बाजूच्या का ह्या बाजूच्या?" ती म्हणाली, "मी केशवापूरची," म्हणजे हुबळीतल्याच तिच्या वस्तीची. तो हसला नाही. रस्त्यावर येईपर्यंत तिनं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

तेवढ्यात जनसुनावणी जाहीर झाली. गावकरी मराठीत बोलणार, अधिकारी कन्नडमध्ये ऐकणार. मध्ये दुभाषी हवा. आमच्या जुन्या साहेबांनी तिचं नाव सुचवलं. तिला नाही म्हणायची भीती वाटली म्हणून ती हो म्हणाली! लेखनिक म्हणून तिनं मला बरोबर घेतलं. ती बोलणार, मी इतिवृत्त लिहिणार, असं ठरलं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी चहाच्या वेळेला तिच्या घरी दोन माणसं आली. इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं. चहा घेतला, बिस्किट घेतलं. अस्मिता तेव्हा शाळकरी होती. आईवडील गेल्यावर विमलक्कानंच तिला वाढवलेलं. त्यातल्या एकानं तिचं नाव घेऊन चौकशी केली. लॅमिंग्टन रोडवर ती कोणत्या बसमधून उतरते, कुणाबरोबर चालत जाते, हेही त्यानंच सांगितलं, जणू कौतुकानं. मग म्हणाला, उद्या फार काही करायचं नाही अक्कार, कुणी जागा सोडणार नाही म्हणालं तर तुम्ही एवढंच सांगा, योग्य मोबदला मिळाला तर आमची हरकत नाही. एकच वाक्य... ते गेल्यावर तिनं मला फोन केला. मी रिक्षा करून गेले तर ती कडी लावून दाराला पाठ टेकून बसली होती, कपबश्या तशाच. "शैला, मला लई भ्या वाटायलंय गे." आणि मी, तिची मैत्रीण, काय म्हणाले? मी म्हणाले, "म्हण की तसं. एका वाक्यानं काय होतंय? पोर मोठी का धरण मोठं?" हे मला लपवता येत नाही. मी तसं म्हणाले.

सुनावणी एका शाळेच्या पटांगणात मांडवाखाली झाली. ती दोन माणसं दुसऱ्या रांगेत बसली होती. तिसरी की चौथी बोलायला उठली ती गौराक्का, अळणावरकडची म्हातारी, हातात पिशवी घट्ट धरलेली. माइकपासून लांबच उभी राहून म्हणाली, "आमी जागा सोडणार न्हाई. पैशे बी नकोत. कितीला देता म्हणून आमाला इच्यारूच नका." सगळे विमलक्काकडे बघू लागले. तिच्या ओठांवर घाम आला होता. तिनं दुसऱ्या रांगेकडे बघितलं आणि खालमानेनं कन्नडमध्ये म्हणाली, योग्य मोबदला मिळाला तर त्यांची हरकत नाही.

मी ते लिहिलं. पेन एकदाही अडखळलं नाही.

पण आमच्या भागात कन्नड कुणाला कळत नाही? गौराक्का आयुष्यभर अळणावरच्या बाजाराला जाणारी. मनातलं सांगायला तिला मराठी हवी होती एवढंच, ऐकायला दोन्ही येत होत्या. मांडवात कुजबुज सुरू झाली. म्हातारी ओरडेल, आता दगडफेक होईल, म्हणून मी टेबलाखालच्या चपला पायानं चाचपू लागले. गौराक्का ओरडली नाही. ती दोन पावलं पुढं आली, विमलक्काच्या तोंडाकडे बघत राहिली आणि एखाद्या लेकीला विचारावं तसं तिनं विचारलं, "बाई, भ्यालीस काय?"

माइक चालू होता. विमलक्का म्हणाली, "होय. भ्याले."

आणि मग... सवय म्हणा, नाहीतर धर्म म्हणा... मांडवात बोललेला प्रत्येक शब्द दुसऱ्या भाषेत सांगायचा हे तिचं काम होतं, तसं तिनं हेही अधिकाऱ्यांकडे वळून सांगितलं. "हौद्री, ना अंजीनि." पाठोपाठ कन्नडमध्येच ती बोलत गेली, की माझं मघाचं वाक्य चुकीचं होतं, काल माझ्या घरी दोन माणसं आली होती, त्यांनी माझ्या पोरीचं नाव घेतलं. ही बाई म्हणाली ते असं, आम्ही जागा सोडणार नाही, पैसे नकोत, किंमत विचारू नका. एवढं झाल्यावर तिनं टेबलाची कड धरली. दुसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. ते कधी उठले ते मी पाहिलं नाही.

मी काय लिहिलं? मोबदल्याचं वाक्य खोडून गौराक्काचं खरं वाक्य लिहिलं. ती दोन माणसं, पोरीचं नाव, 'भ्याले', यातलं काहीच लिहिलं नाही. हात उठेना. ते कागदावर आलं तर खाली लेखनिक म्हणून माझी सही येणार होती. विमलक्कानं सही करण्यापूर्वी नेहमीसारखं तीन वेळा वाचलं. माझ्याकडे बघितलं. सही केली. परतीच्या बसमध्ये अळणावर सुटल्यावर म्हणाली, "लिहिलं नाहीस." मी मान हलवली. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी तरी आधी कुठं बोलले होते?" त्यानंतर त्या विषयावर आम्ही कधीच बोललो नाही.

खरं बोलल्यावर भीती जाते असं म्हणतात. तिची गेली नाही. घरच्या फोनची घंटा वाजायची आणि पलीकडून कुणी बोलायचं नाही. समोरच्या झाडाखाली एक मोटारसायकल कितीतरी दिवस उभी असायची. गल्लीतल्या बायका नळावर तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, हिच्यामुळं आमचं पाणी अडलं. अस्मिताला तिनं बेळगावला वसतिगृहात ठेवलं आणि महिनाभर रोज मला फोन करून विचारलं, "पोचली असेल ना गे वर्गात?" पुढं धरण झालंही नाही आणि रद्दही झालं नाही. गावं आहेत, गौराक्का आहे, दर वर्षी कुणीतरी येऊन मोजमाप करून जातं. विमलक्का मात्र एकटी बाहेर पडेनाशी झाली. भाजीला गेलो तरी तिच्या रस्त्याच्या बाजूला मी चालायचं. ती खचली असं मीच चार जणांना सांगितलं. मला तसंच वाटत होतं.

विमलक्काच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गौराक्का अळणावरकडच्या माणसांबरोबर आली. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली, भिंतीला टेकून बसली. माणसं पांगल्यावर अस्मितानं मला आतल्या खोलीत बोलावलं. ती आता बेळगावला शाळेत शिकवते. विमलक्काच्या टेबलावरचं एक पाकीट तिनं माझ्या हातात दिलं. धरणाची पुन्हा सुनावणी होणार होती, दुभाषी म्हणून याल का, असं विचारणारं पत्र आलं होतं आणि त्यावर विमलक्कानं उत्तर लिहून ठेवलं होतं. तिचं ते गोल, दाबून लिहिलेलं कन्नड अक्षर. येते. लेखनिक म्हणून सोबत... पुढं माझं नाव, आडनावासकट. मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. पाकिटाला तिकीट लावलेलं होतं.

मी खुर्चीत बसले. "अस्मिता, त्यांना आता दुभाषीच लागणार," मी म्हटलं. "मीच जाते. आणि मला फार भीती वाटतेय गे."

"मग लिहिणार कोण?"

"बघतील कुणीतरी."

"मी येते," अस्मिता म्हणाली. "मी लिहीन. सगळं लिहीन."

मावशीनं तिला त्या दिवसाचं सांगितलं होतं, का अस्मिता सहजच बोलून गेली, हे विचारायचा धीर मला झाला नाही. मी पेन घेतलं आणि पत्रात विमलक्काच्या नावाच्या जागी माझं नाव लिहिलं, माझ्या नावाच्या जागी अस्मिताचं. मग तीन वेळा वाचून बघितलं.