जिवंत बाईची गोधडी

गांधीबागेतल्या ज्या गल्लीत माझं लेस-बटणांचं दुकान आहे, त्या गल्लीत टेम्पो शिरला की माणसांना जवळच्या दुकानात शिरावं लागतं. गल्ली एवढी अरुंद असल्यावर समोरच्या यमुताईंच्या दुकानात काय चाललंय, ते मला मुद्दाम बघावं लागत नाही. आपोआप दिसतं. तरी लोक म्हणतात, नत्थूजींना नाक खुपसायची सवय आहे. म्हणोत बापडे.

यमुताई उमरेडच्या. लग्न होऊन नागपुरात आल्या, तेव्हा नवरा म्हणजे खायला काळ आणि भुईला भार, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. माहेरची शिलाई मशीन आणून त्यांनी फॉल-पिको सुरू केलं आणि पुढे हे दुकान घेतलं. गोधडीचा धंदा मात्र अपघातानं सुरू झाला. बसायच्या स्टुलावर त्यांनी जुन्या लुगड्यांची गोधडी घडी करून टाकलेली होती. एक कॉलेजची पोरगी साडीला पिको करायला आली आणि त्या स्टुलाचेच फोटो काढून गेली. पोरगी साडी न्यायला परत आली, ती चार मैत्रिणी घेऊन. सगळ्यांना तसलीच गोधडी पाहिजे होती.

"पाहा नत्थूजी," यमुताई मला म्हणाल्या, "पहिले घरात पैसा नाई म्हणून लोक गोधडी पांघरत होते. आता पैसा जास्त झाला म्हणून पांघरतेत."

तेव्हापासून मी या गल्लीत बसून गोधडीच्या फॅशनी बघतो आहे. आधी सगळ्यांना भडक ठिगळं हवी होती, मग एकदम फिक्या रंगांचं वेड आलं. कोणी जुन्या जीन्स आणतं, कोणी कॉलेजचे टी-शर्ट, कोणी बाळाची झबली. गोधडीच्या कापडाचं जाकीट शिवून घेणारेही आहेत आणि ते मे महिन्यात घालणारेही आहेत. आता तर टाके दिसलेच पाहिजेत, तेही जरा वाकडे, म्हणजे हाताचं काम वाटतं. आता आली का पंचाईत! जन्मभर रेघेसारखा सरळ धावदोरा घातलेल्या बाईला वाकडं शिवता येईना. शेवटी त्यांनी तोड काढली. वाकड्या टाक्यांची ऑर्डर असली की त्या चष्मा काढून शिवतात.

सगळ्यात जास्त मागणी आहे ती आठवणीच्या गोधडीला. घरातलं माणूस गेलं की त्याच्या साड्या, धोतरं, शर्ट आणायचे आणि गोधडी करून घ्यायची. यात यमुताईंचे नियम कडक आहेत. गेलेल्या माणसाचा फोटो मागून घ्यायचा, तो मशीनच्या वर भिंतीला टांगायचा, त्याला झेंडूचा हार घालायचा, उदबत्ती लावायची आणि मगच कात्री हातात घ्यायची. पहिल्या कापाआधी फोटोला सांगायचं, "बाई, राग नोका मानू. कात्री लावून राहिली." गोधडी पुरी होईपर्यंत हार रोज ताजा. शटर उघडताना समोर फोटो दिसतो म्हणून मीही हात जोडतो. ओळख ना पाळख, पण मेलेल्या माणसाशी शिष्टपणा कशाला?

तर अशीच एक दिवस भूमिका आली. नागपूरचीच मुलगी, नोकरीला बंगलोरला. चार दिवसांच्या सुट्टीवर आली होती आणि परतीच्या गाडीआधी पिशवीभर साड्या घेऊन यमुताईंकडे धावत आली. "आईच्या आहेत," एवढं म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मग फोटो दिला आणि म्हणाली, "मधल्या तुकड्यावर हा छापून घ्या. माझ्याजवळ राहीन काहीतरी. आणि घरी कोणाले सांगू नका, प्लीज."

यमुताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. रडणाऱ्या लेकराला आई कधी गेली, कशानं गेली, असं कोण विचारणार? त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. घरी का सांगायचं नाही, याचा अर्थही यमुताईंनी स्वतःच लावला. "बिचाऱ्या बापाले सहन होत नसंल," त्या मला म्हणाल्या.

फोटोतल्या बाईचं नाव कामिनी. यमुताईंचा तिच्यावर फार जीव जडला. साड्या सगळ्या मऊ, फिकट. त्यावरून त्यांनी ठरवून टाकलं की बाई गरीब स्वभावाची असणार. "उलटून बोललीच नसंल कोणाले, माय," असं म्हणत त्या शिवायच्या आणि पदरानं डोळे पुसायच्या. आईविना पोरीची गोधडी म्हणून धावदोरा नेहमीपेक्षा दाट घातला. कडेला पांढरी लेस माझ्याकडची. मीही चांगल्यातली दिली.

गोधडी संपत आली होती, तेव्हाची गोष्ट. दुपारी मी लेसचे रीळ लावत होतो. "ओ दादा, याच्यावर बॉर्डर दाखवा जरा," असा खणखणीत आवाज आला. वर बघतो तर कामिनीबाई! सकाळीच जिला हात जोडून शटर उघडलं, ती बाई हातात साडी घेऊन माझ्यासमोर उभी.

"काय जी, भूत पाह्यलं काय?" ती म्हणाली.

मी खरंच तेच बघत होतो, पण तसं सांगणार कसं? तेवढ्यात गल्लीत कापडाच्या गठ्ठ्यांचा टेम्पो शिरला आणि कामिनीबाई, सगळे करतात तसं, दोन पावलं मागे सरून यमुताईंच्या दुकानात शिरल्या. टेम्पो जाईपर्यंत मला काही दिसेना. आयुष्यात एवढी घाई मला कधी झाली नव्हती. टेम्पो सरकला तसा मी दुकान उघडं टाकून पलीकडे धावलो.

कामिनीबाई भिंतीकडे बघत होत्या. फोटो त्यांचा, हार झेंडूचा, उदबत्ती अर्धी जळलेली. मशीनवर त्यांच्या साड्यांची गोधडी. यमुताईंच्या तोंडून फक्त "माय वं!" निघालं आणि सुई बोटात घुसली.

आता ही बाई दुकान डोक्यावर घेणार असं मला वाटलं. पण कामिनीबाई मटकन स्टुलावर बसल्या. आवाज पार बसला होता. "हे कोणं शिवायले देलं?"

"तुमच्या पोरीनं," यमुताई म्हणाल्या. "पण बाई, तुमी गेल्या असं तिनं नाई म्हटलं. ते मीच समजली. गलती माही हाय."

"मंग ते रडली काहून?"

यमुताईंनी सुई लागलेलं बोट पदरात गुंडाळलं.

"मागच्या साली पोटाचं मोठं ऑपरेशन झालं माझं," कामिनीबाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणे बऱ्या झाल्या. मंग पोरीले अलग सांगतलं काय त्यानं? सगळे मिळून मले लपवून राहिले काय?"

मला फार वाईट वाटलं. आपण रोज हात जोडून या बाईच्या मरणाला हातभार लावला, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं. मी पटकन उदबत्ती विझवली. यमुताईंनी हार ओढून काढला, भूमिकेला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"भूमे," कामिनीबाई म्हणाल्या, "खरं सांग. मी मरून राहिली काय?"

पलीकडून आवाज आला, "काय बोलून राहिली तू आई? रिपोर्ट साफ आहे. तुझ्याच हातात दिला ना डॉक्टरनं!"

"मंग माह्या साड्या काहून कापायले देल्या?"

पोरगी आधी हसली, मग हसता हसता रडायला लागली. "तू दवाखान्यात होती ना, तेव्हा मी घरी तुझी साडी उशाशी घेऊन झोपत होती. तुझा वास येत होता तिले. इकडे बंगलोरले मले झोप येत नाही वं. तो वास पाहिजे होता. तुले सांगितलं असतं तर तू हसली असती."

कामिनीबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर तोंडाशी धरला. मला हायसं वाटलं, पण यमुताईंचा चेहरा एकदम उतरला.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "मी धुतल्या त्या. गेलेल्या माणसाचे कपडे म्हणून. गरम पाण्यात, सोडा टाकून. दोनदा."

यमुताईंनी गोधडीत तोंड खुपसलं आणि मान हलवली. सोड्याशिवाय कसलाही वास नव्हता.

कामिनीबाईंनी नाक पुसलं, पदर खोचला आणि त्यांचा आवाज परत आला. "रडू नोका सगळे. आना ते इकडे. मी पांघरते रोज. वास लागला का पाठवते." मग गोधडी उलगडून बघत कडाडल्या, "आणि माही लाल साडी किती फिक्की झाली! सोड्यात बुडवता काय जी कोणाच्या साड्या!" मिरचीच्या गावच्या, भिवापूरच्या निघाल्या बाई. गरीब स्वभावाचं यमुताईंनी परत नाव काढलं नाही.

त्यानंतर कामिनीबाई या गल्लीत आल्या की तासभर त्याच स्टुलावर बसायला लागल्या. भूमिका दर रविवारी फोनवर विचारायची, लागला काय वास? कामिनीबाई सांगायच्या, नाई लागला अजून. दिवाळी गेली, थंडी आली. एक दिवस यमुताईंना राहवलं नाही.

"पाठवा ना वं आता. लेकरू वाट पाहून राहिलं."

"पाठवली तर पोरगी घ्यायले कायले येईन?" कामिनीबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे चहा मागितला.

संक्रांतीला भूमिका खास गोधडी न्यायला आली. आठ दिवस राहिली. जाताना मायलेकी यमुताईंना भेटायला आल्या होत्या, भूमिकेची चाकाची मोठी बॅग माझ्याच दुकानाच्या पायरीवर ठेवली होती. त्या गेल्यावर मी विचारलं, "नेली काय गोधडी?"

"कुठची!" यमुताई म्हणाल्या. "बॅगेत मावली नाई म्हणे. दिवाळीले येऊन नेईन."

टेम्पोसाठी ती बॅग मीच उचलून आत घेतली होती. हाताला हलकी लागली, अर्धी रिकामी होती.